विकणाऱ्यांच्या रांगेतली मोजडी

शेअर बाजाराच्या पोटात काय काय चालतं, याचं रीतसर प्रशिक्षण मी आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या एका फंक्शन हॉलमध्ये घेतलं. आमचे सर स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल मखमली सिंहासनावर बसून शिकवायचे, कारण बाकी सगळ्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि सरांना पाठदुखी होती. दुसऱ्या सिंहासनावर ते डबा ठेवायचे.

कंपनीचं आदिलाबादचं ऑफिस अजून बांधून व्हायचं होतं. छत होतं, जिना नव्हता. म्हणून हा हॉल भाड्यानं घेतला. कॉम्प्युटर आले, पण ते खोक्यांतच राहिले. दुपारी वीज जायची आणि हॉलचा मॅनेजर जनरेटर लावू देत नसे. म्हणायचा, "मॅडम, जनरेटर फकत शुभकार्याले हाय." मी त्याच्याशी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा त्यानं मला करारनामाच दाखवला, त्यात खरंच तसं लिहिलं होतं.

सर मात्र खचले नाहीत. ते हैदराबादहून आले होते, हिंदीत बोलायचे. म्हणाले, "सिस्टम मतलब कॉम्प्युटर नहीं. सिस्टम मतलब नियम. नियम समझ लो, बस."

मला नियमांशी देणंघेणं नव्हतं. मला घरी राहायचं होतं. लग्न झाल्यापासून सहा वर्षं मी हैदराबादला एका ब्रोकर कंपनीच्या ऑफिसात होते, आणि नवरा बोथच्या सरकारी शाळेत मास्तर. घर मावल्यात. मी शनिवारी यायचे, रविवारी जायचे. आमचं बरंचसं भांडण बस स्टँडवर व्हायचं आणि अर्ध्यावरच राहायचं, कारण बस सुटायची. आता त्याच कंपनीनं आदिलाबादला सेंटर काढायचं ठरवलं होतं, पण अट घातली होती. आमची तुकडी शेवटच्या प्रात्यक्षिकात पास झाली तर सेंटर इथं. नापास झाली तर काम हैदराबादलाच राहणार, आणि कामाबरोबर मीही.

नवरा या बाबतीत काही बोलत नसे. तो तसा कुठल्याच बाबतीत फारसं बोलत नाही. आमच्या घराच्या दारात माझ्या लग्नातल्या जुन्या चपला पडलेल्या असायच्या, निळ्या पट्ट्यांच्या, टाचा झिजलेल्या. दर शनिवारी मी म्हणायचे, "अहो, फेका हे एकदाचं." तो म्हणायचा, "राहू दे." पुढच्या शनिवारी त्या तिथंच, पुसलेल्या. मला वाटायचं, आळशी माणूस, पण पुसायला बरा वेळ मिळतो. ट्रेनिंगला निघाले त्या सकाळीसुद्धा मी त्यांना ठेचकाळले आणि दिवसाची सुरुवात शिवीनं झाली.

पहिल्याच आठवड्यात सरांनी बाजाराचा मूळ नियम सांगितला. जो चांगला भाव देतो तो पुढे. भाव सारखाच असेल तर जो आधी आला तो पुढे. बस. श्रीमंत असो, मंत्र्याचा भाचा असो, मध्ये घुसायचं नाही. "कोई शंका?"

आमच्यात सरहद्दीवरच्या गावचा एक गडी होता. घरी कापूस आणि ज्वारी, अंगानं दांडगा, पाय इतके मोठे की चपला निर्मलहून सांगून करवून आणायचा. त्यानं हात वर केला. "सर, आदमी जागा पे नहीं रहा तो?"

"आदमी की जरूरत ही नहीं," सर म्हणाले. "आदमी घर जाए, सोए, कुछ भी करे. उसका ऑर्डर लाइन में खड़ा है. वही काफी है."

हे ऐकून सगळी तुकडी एकदम सैलावली. हे तर आम्हाला येतच होतं! आमच्याकडे बियाण्याच्या दुकानासमोर दुकान उघडायच्या आधीच चपलांची रांग लागते. माणसं टपरीवर चहा पितात, सावलीला बसतात, कुणी घरी जाऊन जेवून येतं. चपला जागेवर. दुसऱ्याची चप्पल सरकवून पुढे जाण्याची कुणाची छाती नसते. बसमध्ये खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकली की सीट आपली. यालाच आम्ही नंबर लावणं म्हणतो. एवढ्यासाठी लोक डिग्र्या घेतात हे आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर सर आले तेव्हा स्टेजसमोर चपलांच्या दोन रांगा होत्या. डावीकडे घेणाऱ्यांची, उजवीकडे विकणाऱ्यांची. माणसं बाहेर चहा पीत होती. सर बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता हाकलतात. पण त्यांनी दोन्ही हात जोडले, चपलांना की आम्हाला कळलं नाही, आणि म्हणाले, "यही करेंगे."

तेव्हापासून आमचा शेअर बाजार चपलांवर चालला. घेणारा आणि विकणारा जुळले की सौदा पक्का, आणि सौदा म्हणजे चपलांची अदलाबदल. दिवसाअखेर प्रत्येकाच्या पायात दुसऱ्याच्या चपला, कुणी अनवाणी नाही, एकही जोड शिल्लक नाही, म्हणजे सेटलमेंट झाली. रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांच्या चपलांत हॉलला एक फेरी मारायचो, सर टाळ्या वाजवायचे, मग ज्याचं त्याला परत. हॉलचा मॅनेजर दारातून बघायचा आणि वॉचमनला तेलुगूत काहीतरी सांगायचा. त्यात मला फक्त 'चेप्पुलू', म्हणजे चपला, एवढंच कळायचं.

जोड्या जुळवायचं काम ज्या मशीनचं असतं, ते मशीन म्हणून सरांनी पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून असलेल्या एका गृहस्थाला नेमलं. हा माणूस बोलायला लागला की थांबत नसे. सर त्याला म्हणाले, "मशीन सोचता नहीं, पूछता नहीं, बोलता नहीं." त्यानं ते इतकं मनावर घेतलं की चहालाही बोलेनासा झाला. त्याच्या बायकोचा मला फोन आला. "ताई, तुमी काय करून राह्यले तिकडं? आमचे हे घरीबी बोलत नाईत. पण राहू द्या तसंच, लई शांत वाटून राह्यलं."

माझ्याकडे क्लिअरिंग आलं. हे पद सौद्याच्या मधोमध उभं असतं. घेणाऱ्यानं विकणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाही. दोघांनाही मीच. "दोनों में से कोई भी भाग गया," सर म्हणाले, "तो दूसरे का नुकसान नहीं होना चाहिए. आप अपने घर से देंगी." मी विचारलं, मलाच का? तर म्हणे, तुमच्याशी कुणी हुज्जत घालणार नाही. यात कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

प्रात्यक्षिकाचा दिवस शनिवार निघाला, आणि त्याच दिवशी हॉलमध्ये लग्नही निघालं. मॅनेजरनं दोन्हीकडून भाडं घेतलं होतं. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी मधोमध पडदा लावला. स्टेजकडे लग्न, दाराकडे शेअर बाजार. एक फायदा झाला, जनरेटर सुरू झाला. पण कॉम्प्युटर मांडायला आता जागा नव्हती, म्हणून परीक्षाही चपलांवरच.

हैदराबादच्या मोठ्या मॅडम परीक्षा घेणार होत्या, व्हिडिओवर. सरांनी फोन झेंडूच्या टोपलीला टेकवून ठेवला. त्यातून मॅडमना जमीन आणि चपला एवढंच दिसत होतं. माझा नवराही आला होता, आमच्या लग्नात मिळालेले चॉकलेटी बूट घालून. बूट बाहेर काढून कोपऱ्यात बसला. मी रागावले, "इथं काऊन आले तुमी?" तो म्हणाला, "असंच." इथं माझी परीक्षा, आणि याचं आपलं असंच.

रांगा लागल्या. विकणाऱ्यांत एक जागा रिकामी राहिली. आमच्यातला एक जण तापानं फणफणला होता. संख्या जुळली नाही तर सेटलमेंट कशी होणार? सर घामाघूम झाले. पडद्याकडून शेवयांचा वास आणि बँडचा आवाज येत होता, आत-बाहेर पाहुणे, ही गर्दी. आणि पुन्हा बघतो तर रिकामी जागा भरलेली. सोनेरी जरीची मोजडी, नवी कोरी, टोकं वर वळलेली.

कुणालाही शंका आली नाही. आमच्याकडे माणूस अंथरुणाला खिळला तरी कुणाच्या तरी हाती चपला पाठवून नंबर लावतोच. "पाठवली पाहा बिचाऱ्यानं," आम्ही म्हणालो. "मागच्या साली लगन झालं नं त्याचं, तवाची असंल." सरांचे डोळे पाणावले.

मशीन कामाला लागलं. पुढून एक जोड, पुढून एक जोड. मी पोचवत गेले. मोजडी त्या दांडग्या गड्याच्या वाट्याला आली. त्याच्या टाचा निम्म्या बाहेर, पण तो आरशासमोर उभा राहिल्यासारखा उभा राहिला. फोनमधून मॅडम म्हणाल्या, "टॅली बराबर है."

तेवढ्यात पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला आणि नवरदेवाचा मामा आत आला. मागे नवरीची बहीण, हसून हसून लाल. वराची मोजडी तिनं पळवली होती, आणि लपवायला चपलांच्या रांगेइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

"कोणी घातली आमच्या पोराची मोजडी?" मामा गरजला.

गडी म्हणाला, "मी. मले भेटली. नंबरानं भेटली."

"नंबर गेला खड्ड्यात! काढ!"

मामानं मशीनला विचारलं, कुणी दिली? मशीन त्याच्याकडे बघत उभं. मामा ओरडला, तरी बघत उभं. "मुका हाय का हा?" कुणीतरी म्हणालं, "नाही जी, मशीन हाय." मामा दोन पावलं मागे सरला.

गड्याच्या स्वतःच्या निर्मलच्या चपला माझ्या पायाशीच पडल्या होत्या. त्या त्याला परत दिल्या असत्या की मिटलं. पण त्या आता त्याच्या नव्हत्या, तापातल्या माणसाच्या होत्या. सर सिंहासनाविना उभे, पांढरेफटक, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सौदा पलटेगा नहीं. पलटा तो फेल." पलीकडे भटजी, मंगलाष्टकं झालीत, नवरदेवाला मंडपाबाहेर न्यायचंय म्हणून हाका मारत होते. अनवाणी नवरदेव पडद्यातून डोकावत होता. आणि फोनमधून मॅडम विचारत होत्या, "क्लिअरिंग? डिलिव्हरी हो गई कि नहीं?"

मला रडायला येत होतं. हैदराबादचं हॉस्टेल डोळ्यांसमोर आलं, ती लोखंडी कॉट, रविवारची बस. एका मोजडीपायी! आणि मग सरांचं ते वाक्य आठवलं. आपल्या घरून द्यायचं. माझ्या घरचं तिथं एकच माणूस होतं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आधीच तो उठला, बाहेर गेला, आणि चॉकलेटी बूट घेऊन आला. त्यानं ते माझ्या हातात दिले.

मी गड्यासमोर बूट ठेवले. "विकणारा बुडाला. हे माझ्याकडून." त्यानं बूट पायाशी लावून पाहिले, मोजडीपेक्षा सैल निघाले. मोजडी काढून दिली. मामा ती छातीशी धरून पळाला, मागे मेव्हणी, मोजडी पळवल्याच्या पैशांचा तिचा वेगळाच सौदा राहिला होता. मी फोनसमोर वाकून जे घडलं ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "कोई नंगे पाँव?"

"हमारे में से कोई नहीं, मॅडम."

"पास."

सर खाली बसले, थेट जमिनीवर. आणि मशीन बोलू लागलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोललं, लग्नाच्या पंगतीत आम्हाला आग्रहानं बसवलं तेव्हाही बोलतच होतं. जेवून, त्या निर्मलच्या चपला काखोटीला मारून ते तापातल्या माणसाच्या घरी पोचवायला गेलं. सौदा म्हणजे सौदा. गडी बूट घालून त्याच्या गावच्या बसला निघूनही गेला होता.

नवरा मोटरसायकल चालवत घरी आला तो अनवाणी. मला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. दारात गाडी लावली. तिथं त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला, पुसलेल्या. त्यांच्या शेजारी त्याचे बूट असायचे ती जागा मोकळी होती.

"काऊन ठेवल्या होत्या ह्या तुमी?" मी विचारलं.

तो पायाची धूळ झटकत होता. "नंबर लावून ठेवला होता तुहा."

"आता उचलू?"

"उचल," तो म्हणाला. "आला नं नंबर."

मी त्या पायात घातल्या. दुसऱ्याच पावलाला डावीचा पट्टा तुटला, आणि मी तशीच पाय ओढत घरात गेले.