पलटणीने परत नेलेला माणूस

तार आली तेव्हा मी खळ्यात भात वाळत घालत होते. धाकट्या दिरांनी ती वाचून दाखवली. माझे हे पलटणीच्या डेपोत तापाने गेले होते, आणि तार आमच्या हाती पडायच्या आधीच पलटणीने त्यांना अग्नी देऊनही टाकला होता. शेवटचं तोंडसुद्धा तिने मला बघू दिलं नाही… आता दीर म्हणतात, वहिनी, तुम्ही चार बुकं शिकलेल्या, दादाबद्दल वर्तमानपत्राला लिहा. पलटणीतले लोकही वाचतील. वाचू देत.

बसऱ्याच्या लढाईहून हे परत आले ते डोकं बिघडल्याचा शेरा घेऊन. पलटणीने नाव कमी केलं होतं. अंगावर साधा ओरखडा नव्हता, त्यामुळे आमच्या भाट्ये गावातल्या लोकांना काय झालंय तेच कळेना. मला कळलं ते घरामागच्या माडांच्या आगरात नारळ पडला तेव्हा. धप्प आवाज झाला आणि हा एवढा उंचापुरा माणूस डोक्यावर हात घेऊन भुईला चिकटला. मी पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, "नारळ हाय वो, नारळ." त्यानंतर मी सगळ्या माडांचे नारळ शहाळी असतानाच उतरवून घ्यायला लागले. नवरा येडा नि बायको त्याच्यावर कडी, म्हणून वाडीतल्या बायका हसल्या. हसोत. दोन वर्षं आमच्या आगरात नारळ पडला नाही. पेज भरवली, आंघोळ घातली. हळूहळू माणूस हाताने जेवायला लागला, माडांना पाणी शिंपायला लागला. बोलणं मात्र कामापुरतं, आणि हसणं तर नाहीच.

मग एक दिवस त्यांचा पलटणीतला जोडीदार, घाटावरचा एक हवालदार, रजा काढून भेटायला आला. अंगणात उभा राहून त्याने नुसती हाक मारली, "नाईक तुकाराम!" हे ताडकन उठले, टाचा जुळवल्या… आणि हसले. दोन वर्षं पेज माझी, आणि हसू त्या मिशाळ बाप्याला! त्याला वाढताना माझा हात आखडलाच. जेवता जेवता तो म्हणाला, "वैनी, डेपोत नवी पोरं येत्यात. कवळी असत्यात, घाबरत्यात. त्यास्नी सांबाळाया असा मानूस पायजे. डाक्तर तपासंल, पर तुकारामाला परत घेत्याल." मी त्याला दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

तो गेल्यावर ह्यांना घर खायला उठलं. "हितं मी येडा म्हनूनच मरनार," म्हणाले. "तू खुशाल 'जावा' म्हन गो, मंग जातो." मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, देवीला कौल लावू. वाटलं, देवी झाली तरी बाईच, ती माझ्या बाजूने राहील. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जावं, डावी पडली तर राहावं. त्याचं गाऱ्हाणं पुरतं घालूनही झालं नव्हतं, तोच उजवी पडली. देवीसुद्धा पलटणीला सामील! कौल मीच मागितलेला, तो मोडणार कसा? निघताना हे उंबऱ्याशी थांबले. "देवी बोलली, आता तू बोल." मी म्हटलं, "देवी बोलली ना? मंग माज्याकडनं आनी काय हवं?" आणि सरळ आत गेले.

डॉक्टरने पास केलं, पलटणीने घेतलं. रजेवर यायचे तेव्हा अंगावर मांस चढलेलं असायचं, चार गोष्टी बोलायचे, गाणंसुद्धा गुणगुणायचे. लोक म्हणायचे, पलटणीने माणूस सुधारला. त्याआधी त्याला उभा कोणी केला, हे कोणी म्हणेना. एकदा मी दिरांबरोबर डेपो बघायला गेले. मैदानावर बार उडाला आणि एक रिक्रूट थरथरत खाली बसला. हे त्याच्याजवळ उकिडवे बसले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नारळ हाय रे, नारळ." दिरांचे डोळे भरून आले. माझा जीव जळला. ते शब्द माझे होते. मी माझ्या माणसासाठी काढलेले, आणि हे परक्या पोरांना वाटत सुटले होते… आजही जळतो.

दहाव्याला आगराच्या टोकाला, खाडीच्या काठी पिंड ठेवला. मी पडवीतून बघत होते. कावळा शिवेना. दीर म्हणाले, "दादा, वयनीला मी संबाळतो." तरी शिवला नाही. हवालदार मुद्दाम आला होता. त्याने हात जोडले, "तुकाराम, तुजी पोरं मी बगतो." मी कावळ्यांवरची नजर काढली नाही. कावळे माडावर बसून राहिले, एकही खाली उतरला नाही. पलटणीच्या नावानेही नाही! मग सगळे माझ्याकडे वळले. "वयनी, तुमीच काय तरी बोला वो. दादाचा जीव तुमच्यात अडकलाय." कोणता शब्द हवा होता ते मला पक्कं ठाऊक होतं. मी तोंडाला पदर लावून गप्प उभी राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आता रोज सकाळी एक कावळा पडवीच्या कठड्यावर येऊन बसतो. रजेवर असताना हे तिथेच पाय सोडून चहा प्यायचे. शेजारीण म्हणते, "बाय, 'जावा' म्हन नि मोकळं कर गो त्येंना." मी चार शितं टाकते आणि आत वळते. इतकी वर्षं त्या पलटणीकडे होते. आता राहू देत माझ्याकडे.