वच्छलावहिनी अन् काळी मशीन

शहापुरात हायवेवर माहं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, पस्तीस वर्षं झाले. लोक येतात, मागच्या फळीवरचे जुने बोर्ड पाहतात अन् विचारतात, खुशालभाऊ, हे भंगार काहून जमा करून ठेवलं? मी म्हणतो, बावा, तुह्या मिक्सरचं काम असन तं बोल, नाही तं रस्ता धर. मले फुकटच्या चौकश्या आवडत नाही. अन् खरं कारण एका वाक्यात सांगता येत नाही, कारण ते खरं कारण म्हणजे वच्छलावहिनी आहे.

वच्छलावहिनी तेजरामभाऊची बायको. तेजरामभाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये होते अन् माहे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक होते. रिटायर झाल्यावर त्याईनं क्वार्टर सोडलं अन् आमच्या इथं दोन खोल्या बांधल्या. एकदम हायवेले लागून. सगळे म्हणत, दिवसभर ट्रकाइची धूळ खासान का? पण जागा त्याईनं पोरासाठी घेतली होती. त्या खिडकीतून फॅक्टरीच्या बसा दिसतात.

पोरगा म्हणजे सुगत. आज एक्केचाळीसचा आहे. लहानपणापासून निराळा. बोलते कमी, डोळ्यात पाहत नाही, अन् रोजचं काम रोजच्यासारखं झालं नाही तं जेवत नाही. नागपूरच्या डॉक्टरानं त्याच्या आजाराले लांबलचक इंग्रजी नाव देलं होतं. वहिनी म्हणे, नाव तं देलं भाऊ, औषध काही देलं नाही.

सुगतचं काम एकच. कोणती बस किती वाजता गेली ते पाहाचं अन् मशीनमध्ये टाकाचं. ही मशीन म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली तेजरामभाऊनं मुंबईहून आणलेला होम कॉम्प्युटर. काळा, दोन वह्याइएवढा, रबराचे बटनं. टीव्हीले जोडा लागते, अन् प्रोग्राम टेपच्या कॅसेटवरून चढते. बसाइचा प्रोग्राम तेजरामभाऊनं स्वतः एक एक अक्षर टाकून बनवला होता. तो चढताना टेपमधून असा किर्रर्र आवाज निघते का आपल्या दाढा शिवशिवतात. सुगत मात्र तेवढा वेळ डोळे मिटून बसते, विहारात बसल्यावाणी.

सुगतची बहीण मनाली पुण्याले आहे. तिच्या नवऱ्यानं एकदा लॅपटॉप पाठवला. त्यात हुबेहूब हीच मशीन पडद्यावर दिसे. म्हणे, आता झंझट संपली. सुगतनं दोन दिवस त्याच्याकडं पाह्यलं नाही, अन् तिसऱ्या दिवशी उचलून चपलाइजवळ नेऊन ठेवला. पुण्यात बसून शेळ्या हाकणाऱ्याइले काय मालूम?

या मशीनचा जीव म्हणजे झेड-एटी नावाचा प्रोसेसर. चाळीस पायाचा काळा किडा. तेजरामभाऊ गेल्यावर दहा वर्षांनी तो पहिल्यांदा मेला. आधी तो बोर्डावर कथिलाचा डाग देऊन पक्का बसवलेला होता. चाळीसच्या चाळीस पाय सोडवता सोडवता माही कंबर गेली. मंग मी म्हणलो, पुन्हा ही मेहनत कोण करन? मी तिथं सॉकेट बसवलं. म्हणजे आता चिप उपसाची अन् दुसरी दाबाची, झालं काम. लय हुशारी केली असं मले वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच्यानंतर वर्षा-दोन वर्षाले चिप मराले लागली. वहिनी फोन करे, "भाऊ, मशीन उठत नाही. सुगत कालपासून जेवला नाही." मंग मी निघालो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचे बोर्ड उचकले. नागपूरच्या भंगारवाल्याइकडं गुडघाभर कचऱ्यात बसलो. जत्रेतल्या व्हिडिओ गेमच्या पेट्या शोधत गावोगाव हिंडलो, कारण त्याच्यात ही चिप हमखास भेटते. ऑनलाइन मागवल्या तं निम्म्या खोट्या. दुसऱ्याच चिपाइचं नाव घासून वर झेड-एटी छापलेलं. बायकोच्या नेलपॉलिश काढाच्या पाण्यानं पुसलं का नाव गायब. बायको म्हणे, तुम्ही माहं सामान कोणासाठी नेऊन राहिले? मी सांगतलं, वच्छलावहिनीसाठी. एक आठवडा ती माह्याशी बोलली नाही.

चोवीस साली बातमी आली का ही चिप बनवणंच बंद झालं. मी ते वहिनीले सांगतलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग आता जुन्याच शोधाव्या लागतीन." जशी काही मेथीची जुडी.

मले तिचा राग येत होता तो याच्यासाठी. कधी चिडत नव्हती, कधी रडत नव्हती. तेजरामभाऊ गेल्यापासून एकोणीस वर्षं ही बाई एक रात्र घराबाहेर झोपली नाही. सकाळच्या बसा झाल्या का भाजी आणाले जाणार अन् दुपारच्या बसाइच्या आधी परत. तिचं माहेर कोंढ्याले, इथून काही फार दूर नाही. तिथंही जाणं-येणं एका दिवसात. मी एकदा म्हणलो होतो, वहिनी, जेलातल्या माणसालेही पॅरोल भेटते. तर म्हणे, चहा घेता का.

अन् मागच्या वर्षी मनालीले दिवस गेले. लग्नाच्या आठ वर्षांनी, लय दवाखाने झाल्यावर. पोरीनं फोनवर एकच धोशा लावला, आई, तू पाहिजे. सासू नको, बाई लावलेली नको, तू पाहिजे. वहिनी माह्या दुकानात आली. अशी कधी येत नाही. स्टुलावर बसली अन् म्हणाली, "भाऊ, मी पुण्याले जाऊन राहिली. पंधरा दिवस. कोंढ्याहून रुखमा येते सुगतजवळ राहाले." रुखमा तिची चुलतबहीण. "पण मशीन चालली तं सुगत चालते. ते पंधरा दिवस मशीन बंद पडली नाही पाहिजे."

चौसष्ट वर्षांची बाई, सहलीले निघालेल्या पोरीवाणी दिसत होती. मी शब्द देला. म्हणलो, वहिनी, तुम्ही बिनघोर जा. मशीन बंद पडली तं मी दुकान बंद करतो.

तीन आठवडे फिरलो. शेवटी पवनीकडं यादोराव म्हणून एकजण भेटला, पहिले जत्रेत गेमच्या पेट्या लावे. त्याच्या कोठ्यात कोंबड्याइखाली दोन पेट्या निघाल्या. त्याच्यातून दोन अस्सल चिपा काढल्या, दुकानात तपासल्या. एकदम ठणठणीत. एवढा खूश मी पोराच्या लग्नातही नव्हतो.

जाण्याच्या दिवशी सकाळी दोन्ही चिपा डबीत घेऊन गेलो. वरठी स्टेशनावरून दुपारची गाडी होती, अकराले ऑटो येणार होता. माळ्यावरची निळी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. वहिनी नव्या लुगड्यात होती. अन् टीव्हीवर नुस्ते पट्टे.

रुखमाबाई म्हणाली, "आंघोळीच्या आधी चांगली चालू होती जी. मी पाहली."

सुगत खिडकीशी पाठमोरा उभा होता. मी मशीन उलटी केली. पाच स्क्रू असतात, तीनच होते. झाकण काढलं. बोट लावलं तं चिप तव्यावाणी गरम. अन् खाच उजवीकडं होती.

हे समजून घ्या. त्या चिपले एका टोकाले अर्धगोल खाच असते, कोणत्या तोंडानं बसवाची ते समजाले. या मशीनमध्ये ती डावीकडं येते. उलटी बसवून मशीन चालू केली का चिप जळून जाते. अन् मी पस्तीस वर्षांत एक चिप उलटी बसवली नाही, बायकोची आण घेऊन सांगतो. कोणीतरी ही उपसली होती अन् फिरवून दाबली होती.

वहिनी मेलेल्या चिपा फेकत नव्हती, टीव्हीखाली बिस्किटाच्या डब्यात ठेवे. मी डबा काढला. माही एक सवय आहे, जो जुना पार्ट काढला त्याच्यावर कागदी टेपचा तुकडा लावून त्या दिवसाची तारीख टाकतो, ग्यारंटीच्या हिशोबासाठी. सहा चिपा निघाल्या. त्याच्यातल्या पहिलीवर तारीख होती मनालीच्या साक्षगंधाच्या आदल्या दिवसाची. तेव्हा वहिनी दोन दिवस नागपूरले जाणार होती, गेली नाही, मलेच घरचा माणूस म्हणून पाठवलं होतं. दुसरी कोंढ्याचा भाऊ वारला त्या दिवसाची. तिसरी विहारातल्या बाया मुक्कामानं दीक्षाभूमीले गेल्या तेव्हाची. पुढच्या मी पाहल्या नाही. सगळ्याइच्या पायाच्या मुळाशी चाकूनं उचकल्याचे ओरखडे होते.

मी सुगतकडं पाह्यलं. तो तसाच बाहेर पाहत म्हणाला, "आई पुण्याले जात नाही."

माह्या डोक्यात सणक गेली. मी सैपाकखोलीत गेलो. वहिनी डब्यात पोळ्या भरत होती. मी म्हणलो, "वहिनी, चिप मरत नाही. सुगत मारते. तुम्ही बॅग काढली का तो मारते."

"हाव," ती म्हणाली. "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"मनालीच्या साक्षगंधापासून. मी दारातून पाह्यलं होतं त्याले. दर वेळी तुम्ही याच्या आधी मीच चिप सरळ करून ठेवत होती, आज वेळ भेटला नाही."

माहा तोल गेला. खोटं काहून बोलू, मी ओरडलोच. "मंग मी इतके वर्षं गाढवावाणी उकिरडे फुंकत हिंडलो ते कायले? एका शब्दानं सांगतलं असतं तं मी सॉकेट काढून चिप डाग देऊन पक्की केली असती. त्याच्या बापाच्यानं निघाली नसती."

"म्हणूनच नाही सांगतलं," ती म्हणाली. पोळ्याचा डबा बंद केला. "तुमचे भाऊ शेवटच्या दुखण्यात नागपूरले भरती होते तेव्हा मी चार दिवस तिकडं राहिली. तेव्हा कुठं होतं तुमचं सॉकेट? त्यानं भिंतीवर डोकं आपटलं. तेरा टाके पडले, भाऊ. शेजारची बाई रक्त पाहून पळून गेली. आता तो डोकं आपटत नाही. चिप उलटी करते, मी थांबतो, तो जेवते. चिप पक्की केली तं तो काय मोडन, सांगा."

मी म्हणलो, "मंग एवढं तिकीट काढलं, रुखमाबाईले बोलावलं, ते कायले?"

"वाटलं, यावेळी तो जाऊ देईन. त्याले रोज समजावून सांगतलं होतं, कॅलेंडरवर खुणा करून देल्या होत्या. हाव म्हणे तो." मंग ती खाली बसली, नव्या लुगड्यातच, फरशीवर. "मले जाचं होतं, भाऊ. लय जाचं होतं. माह्या पोरीच्या डोक्याले तेल लावाचं होतं."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिले रडताना पाह्यलं. मले वाटे उठावं अन् सुगतच्या दोन कानाखाली वाजवाव्या, अन् हेही वाटे का त्याले काय समजते, त्याच्यासाठी आई म्हणजे बसच आहे, आपल्या वेळेले दिसली पाहिजे. मी डबी खिशातून काढली. म्हणलो, चिप लावून देतो, निदान तो जेवन तरी.

"आता नको," ती म्हणाली. "गाडी सुटल्यावर लावा. आता लावली तं दुसरीही जाईन."

मंग तिनं डोळे पुसले अन् माह्याकडं सरळ पाह्यलं. "मनालीले हे सांगू नका. मी तिले मशीन बिघडली म्हणून सांगतो. तिले मशीनचा राग येऊ द्या, तुमचा येऊ द्या, माहा येऊ द्या. सुगतचा नाही आला पाहिजे. माह्यामागं त्याले तिच्याच घरी राहाचं आहे."

ऑटो आला, रुखमाबाईनं त्याले परत पाठवलं. वहिनीनं दाराशी उभं राहून फोन लावला. मी ओट्यावर बसून होतो. फोनमधून पोरीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. त्या मशीनले आग लाव, म्हणत होती. वहिनी नुस्ती हं, हं करत होती. मंग फोन बंद झाला अन् दोन मिनिटांनी माहा वाजला.

"काका," मनाली म्हणाली. रडून रडून तिचा गळा बसला होता. "तुम्ही आईले शब्द देला होता ना? खरं सांगा मले. एक चिप, एवढ्या दिवसात एक चिप तुम्हाले भेटली नाही?"

दोन्ही चिपा माह्या मुठीत होत्या.

"नाही भेटली, बाई," मी म्हणलो.