कंबरदुखीचं खरं नाव

बारामतीच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. माळेगावकडचा बागायतदार, वय पन्नाशीचं. शर्ट जुना, दोन माणसं मावतील एवढा ढगळ. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं. पलीकडं त्याची बायको.

वजनासाठी आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन आम्हा दोघांनाही चालू होतं. "फरक पडला का?" मी विचारलं.

"वजन उतरलं, शुगर उतरली. पर मधी दोन महिनं बायकोजवळ जायची इच्छाच गेली हुती."

समोरचे तिघं एकदम पंख्याकडं बघू लागले. आमच्याकडं पुरुषमाणूस या दुखण्याला 'कंबर दुखते' म्हणतो आणि मलम घेऊन घरी जातो. मी दोनदा नेलं होतं.

"मग?"

"डॉक्टरला सांगितलं. भूक मेली म्हणून मी नुसत्या च्यावर ऱ्हायलो हुतो. त्यांनी डोस कमी केला, अंडी-डाळ खायला लावली. खत न घालता उसाला फुटवा येतो व्हय?" त्यानं पट्टा वर ओढला. "आता जाड हुतो तवापेक्षा झ्याक हाय."

"अवो, हळू बोला की," बायको पदराआड हसली.

"का? चोरी केली का आपण?"

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण तेवढ्यात माझा नंबर आला.

डॉक्टरांनी कागद बघितला. "कंबर कशी आहे?"

"कंबर कधी दुखलीच नव्हती, डॉक्टर," मी म्हणालो. मागं दार उघडंच होतं.