सेंट सिल्वनच्या संघाचे सचिव

बैरूतच्या अश्रफिये भागात चढावर नखले सवाया यांचं चष्म्याचं दुकान होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की ते डोळे तपासायच्या आधी विचारायचे, "शाळा कोणती?" सेंट सिल्वनचा निघाला तर त्याला कॉफी मिळायची, आणि संघाची वर्गणी थकवली असेल तर चार शब्दही. त्यांनी लग्न केलं नाही. आई होती तोवर ती शेजारणींना सांगायची, "माझ्या पोरानं त्या माजी विद्यार्थी संघाशीच लग्न लावलंय. बायको काही फार देखणी नाही मिळाली."

संघ जुना होता. पहिल्या महायुद्धातल्या दुष्काळात बैरूतच्या रस्त्यांवर माणसं मरून पडत होती, तेव्हा शाळेतल्या पाद्र्यांनी मुलांना रोज दुपारी मुजद्दरा शिजवून घातला. मसूर, तांदूळ आणि वर तळलेला कांदा, तोही असला तर. त्यातून जगलेली पोरं मोठी झाली आणि त्यांनी संघ काढला, तो गरीब मुलांना शाळेत दुपारचं जेवण मिळावं म्हणून. मे महिन्यात शाळेच्या अंगणात संघाची पंगत व्हायची. न्यायाधीश असो, बँकवाला असो, आधी बशीभर मुजद्दरा संपवायचा, मगच मांसाच्या ताटाला हात लावायचा. त्यावर लक्ष ठेवायचं काम सचिवांचं, म्हणजे नखलेंचं.

शाळा कॅथलिक असली तरी बाकांवर सगळ्यांची मुलं असायची. नखलेंच्या शेजारी पहिलीपासून मुनीर दौक बसला. शहराच्या पश्चिमेकडच्या बस्ता मोहल्ल्यातला, मुसलमान, पुढे कापडाचा व्यापारी आणि संघाचा उपाध्यक्ष. बैठकीला येताना तो हमखास बकलाव्याचा डबा आणायचा आणि म्हणायचा, "तुमच्या बाजूला बंगले आहेत रे, पण हलवाई नाहीत."

पंच्याहत्तर साली यादवी युद्ध पेटलं आणि शहर फाटलं, पूर्वेला ख्रिस्ती, पश्चिमेला मुसलमान. शाळा नेमकी फाटलेल्या कडेवर आली. पंगत बंद पडली, पोरांचं जेवणही बंद पडलं. बंदूकवाले रस्त्यात गाड्या थांबवायचे, ओळखपत्रावरचा धर्म बघायचे आणि माणूस उतरवून न्यायचे. दोन्ही बाजूंनी हेच चालू होतं. मग उतरवलेल्यांच्या आया-बायका नखलेंच्या दुकानात येऊ लागल्या. कारण सोपं होतं. प्रत्येक गटात, प्रत्येक नाक्यावर कोणी ना कोणी सेंट सिल्वनचा होताच, आणि नखले त्याला शाळेपासून ओळखत होते.

मी शाळेत अरबी व्याकरण शिकवायचो आणि संघाच्या कार्यकारिणीवर होतो. दुकानात बसून मी ते फोन ऐकलेत. शाळेखालचा नाका ख्रिस्ती बंदूकवाल्यांचा म्होरक्या तानिओस रहमेच्या ताब्यात होता. आमच्या मागच्या वर्गातला. शाळेत असताना फळा पुसायची त्याला फार हौस, म्हणून त्याचं नाव फडक्या पडलेलं. नखलेंना तो मानानं 'उस्ताज', म्हणजे गुरुजी, म्हणायचा.

"फडक्या, मी नखले बोलतोय."

"उस्ताज, इथे मला कोणी फडक्या म्हणत नाही."

"तो बेकरीवाला सोड, मीही म्हणणार नाही."

तानिओस हसायचा. बऱ्याचदा माणूस सुटून घरी यायचा. कधी तो म्हणायचा, "उशीर केलात उस्ताज," आणि फोन ठेवायचा. मग नखले दुकानाला कुलूप लावून त्या घरी सांगायला जायचे. ते काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात जरा शांतता झाली. मधले रस्ते उघडले. नखलेंच्या मनानं घेतलं की पोरांचं जेवण पुन्हा सुरू करायचं. कार्यकारिणीची बैठक शाळेतच ठरवली. मुनीरला फोन केला.

"येऊ का रे?" मुनीरनं विचारलं. "रस्ता कसा आहे? सलवा नको म्हणतेय." सलवा म्हणजे त्याची बायको.

"थांब, विचारतो."

त्यांनी तानिओसला विचारलं. तानिओस म्हणाला, "दौक ना? आपलाच माणूस. येऊ द्या की." नखलेंनी मुनीरला उलट फोन केला आणि म्हणाले, "ये. मी बोललोय."

मुनीर आला नाही. आम्ही वर्गात वाट बघत बसलो. खिडक्यांना काचा नव्हत्या, खाली रस्त्यावर गाडी वाजली की सगळे उठून बघायचे. शेवटी नखले एकटेच उतरून नाक्यावर गेले. मला त्यांनी येऊ दिलं नाही. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

वाळूच्या पोत्यांमागे एका लाकडी पेटीवर बकलाव्याचा डबा उघडा पडला होता. बस्त्याच्या हलवायाचं नाव झाकणावर होतं. तानिओसची माणसं खात होती.

"मुनीर कुठे आहे?" नखलेंनी विचारलं.

"आलाच नाही इकडे," तानिओस म्हणाला आणि डबा पुढे केला. "घ्या ना उस्ताज. ताजा आहे."

नखलेंनी एक वडी घेतली. खाल्ली. "मला वाटलं," ते मला म्हणाले, "मी खाल्लं तर तो बोलेल. नाही खाल्लं तर भांडण होईल आणि मुनीर जिवंत असला तरी जाईल." तानिओस बोलला नाही. गाडी दोन दिवसांनी नदीकडच्या रस्त्यावर सापडली, रिकामी.

नखले पलीकडे जाऊन सलवाच्या दारात उभे राहिले. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही बोलला होतात ना? मग आता जाऊन पुन्हा बोला."

युद्ध संपलं. झालं गेलं सगळं माफ, असा कायदाच निघाला. तानिओसनं सिमेंटचा धंदा काढला आणि तो भराभर मोठा झाला. संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा शाळेचं फुटलेलं छप्पर त्यानं बांधून दिलं. सभेत कोणीतरी अध्यक्षपदासाठी त्याचं नाव सुचवलं. हात वर झाले. माझ्या शेजारी नखलेंचाही हात वर झाला.

बाहेर आल्यावर मी त्यांना अडवलं. "तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"मी राजीनामा दिला तर त्याला विचारणार कोण? सचिव राहिलो तर निदान महिन्यातून एकदा तो माझ्यासमोर बसेल."

आणि तो बसायचा. बैठक संपली, बाकीचे उठले की नखले वही मिटून विचारायचे, "मुनीर कुठे आहे?" वर्षानुवर्षं. तानिओस कधी हसण्यावारी न्यायचा, कधी चिडायचा. "उस्ताज, सगळा देश विसरला, तुम्हीच तेवढे चिकटून बसलात." एकदा त्याची बायको गेली त्या महिन्यात तो म्हणाला, "त्या दिवशी सकाळी माझ्या हाताखालची दोन पोरं पलीकडच्यांनी मारली होती. बाकीची पिसाळली होती. मी तिथे नव्हतो."

"नव्हतास तर नव्हतास. नेऊन टाकलं कुठे?"

तानिओसनं कोट उचलला आणि तो निघून गेला.

संघातले लोक नखलेंना पाठीमागे 'तपासनीस' म्हणू लागले. पंगतीत त्यांची जागा अध्यक्षांच्या शेजारी असायची आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नसत. हे सलवाच्या कानावर गेलं. तिनं दुकानात फोन केला. "त्याच्या शेजारी बसून जेवता म्हणे."

"जेवतो."

"घशाखाली उतरतं?"

"नाही उतरत, सलवाबाई. पण उठलो तर तो सुटेल."

दोन हजार चार साली तानिओसचं यकृत गेलं. नखले रोज इस्पितळात जायचे. घरच्यांना वाटायचं, काय जुनी मैत्री आहे! शेवटच्या दिवसांत तानिओसनं नर्सला सांगून त्यांना आत येऊ देणं बंद केलं. तो काही न सांगता मेला.

प्रेतयात्रा शाळेच्या चर्चमधून निघायची होती. मंत्री आले होते, बिशप आले होते. संघाच्या वतीनं दोन शब्द सचिवांनी बोलायचे हा रिवाज. नखले उठले, कठड्याला धरून उभे राहिले.

"तानिओस रहमे यांनी या शाळेचं छप्पर बांधलं," ते म्हणाले. "ते आपले अध्यक्ष होते. आपले उपाध्यक्ष मुनीर दौक यांना कुठे पुरलंय हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. मुनीरला मी बोलावलं होतं."

चर्चमध्ये आधी कोणाला कळलंच नाही. मग तानिओसचा मुलगा धावून आला आणि त्यानं नखलेंना ढकललं. त्यांचा चष्मा पडला. मी त्यांना बाजूच्या दारानं बाहेर काढलं, तेव्हा आत गाणं सुरू झालं होतं.

आठवड्यात संघानं त्यांना काढून टाकलं. ठरावाच्या बाजूनं बाकी सगळे होते. मी विरुद्ध मत दिलं आणि त्यानं काही फरक पडला नाही.

मला वाटलं होतं, निदान सलवाला बरं वाटेल. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिनं कॉफी दिली नाही.

"तो मेल्यावर बोललात," ती म्हणाली. "जिवंत असताना चारचौघांत बोलला असतात तर कदाचित कोणी त्याला धरलं असतं. वीस वर्षं कानात कुजबुजत बसलात."

नखले खाली मान घालून बसले. "मला वाटलं, मऊपणानं घेतलं तर..."

"तुम्हाला नेहमी वाटतच आलंय."

पुढच्या वर्षी हरवलेल्यांच्या घरच्यांनी शहराच्या मध्यभागी तंबू ठोकला. आत दोरीवर फोटो टांगलेले. सलवा तिथे जायची. नखलेही जाऊ लागले. ती त्यांच्याशी बोलत नसे. ते तंबूच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे, उन्हाळ्यात रुमाल डोक्यावर घेऊन, कोणी पत्रकार आला की उठून सांगायचे, "दौक. चौऱ्याऐंशी. शाळेखालचा नाका." पत्रकार लिहून घ्यायचे. लिहून आलेलं मी कधी पाहिलं नाही. दुकान हळूहळू बंद पडलं. पाय सुजायला लागले तेव्हा कुठे त्यांचं तंबूत जाणं थांबलं.

ते अकरा सालच्या हिवाळ्यात गेले. संघानं पुष्पचक्र पाठवलं, माणूस पाठवला नाही. शेजारी, मी आणि काही जुनी गिऱ्हाइकं, एवढीच माणसं होती. सांत्वनाच्या खोलीत सलवा आली, काळ्या कोटात, काठी टेकत. माझ्या शेजारी बसली.

"मी त्यांना माफ केलं नाही," ती म्हणाली. "तसं कोणाला वाटायला नको म्हणून सांगते."

"बरं," मी म्हणालो.

"त्यांनी मागितलीही नाही कधी माफी. ते एक बरं केलं."

मग तिनं विचारलं, त्यांना कुठे पुरणार आहेत. मी जागा सांगितली, टेकडीवरची, त्यांच्या आईच्या शेजारची. तिनं ती पुन्हा एकदा नीट विचारून घेतली, कोणत्या फाटकातून जायचं तेही, आणि काठी टेकत उठली.