असलं तर बरं

परतूरच्या आमच्या टायपिंगच्या सरांचा उजवा अंगठा रिबिनीच्या शाईनं कायम काळा असायचा. नोकरीची जाहिरात घेऊन कुणी तोंड पाडून आलं, की ते तिच्यातल्या एका ओळीवर तो अंगठा ठेवत आणि म्हणत, "आता वाच. बसतंय का बराबर?"

झाकलेल्या ओळीत बहुतेक वेळा एक इंग्रजी शब्द असे: डिझायरेबल.

"ह्याला भ्यायचं न्हाई," सर सांगत. "इसेंशिअल म्हणजे लागतंच. डिझायरेबल म्हणजे असलं तर बरं. भाकर इसेंशिअल, ठेचा डिझायरेबल." एका शब्दाच्या मागे लागलेला असा माणूस तुमच्याही गावात असेल. मुलगी बघायला निघालेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी सर्वांदेखत ऐकवलं होतं, "रंग डिझायरेबल असतो लेका, स्वभाव इसेंशिअल." आम्ही मशीनवर वाकून हसायचो. सर हेकट होते, चूक टाईप झाली की पट्टी आपटायचे, हेही सांगायला हवं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचं ते वर्ष. मी मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा पास. वडिलांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, न्हाई तर मंग लग्न." अशात जालन्याच्या एका कचेरीत टायपिस्टची जागा निघाली. अट एकच नडली: कामाचा अनुभव डिझायरेबल. शब्दाचा अर्थ पाठ होता, तरी धीर होईना. कोरा फॉर्म मी सरांच्या टेबलावर परत ठेवला.

"राहू द्या सर. उगं हसू व्हईल."

सर चिडले नाहीत. समोरचं मशीन बाजूला सारून बसले.

"मी बी राहू दिल्तं," ते म्हणाले. "आमचं शिक्षण निजामाच्या काळात, उर्दूत. इंग्रजी सगळी अंदाजानं. कारकुनाची जागा निघाल्ती. टायपिंग डिझायरेबल, असं लिहिल्तं. मला वाटलं, त्याच्याबिगर बिलकुल घेत न्हाईत. म्हणून आधी औरंगाबादला टायपिंग शिकाया गेल्तो."

"मग?"

"शिकून आलो तवर जागा भरली. शाळेतला माझ्याच वर्गातला एक घेतला. त्याला मशीनला कागद लावता येत नव्हता."

मला हसू आलं नाही. त्यांचा संसार, ही सहा मशीनं, आमचं सगळ्यांचं शिकणं, सारं त्या एका हुकलेल्या अर्जातून आलं होतं. मी फॉर्म पुढे ओढला आणि अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "अनुभव?"

"नाही, साहेब. टायपिंग येतं."

त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. मी जाऊन बसले.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला नेमणुकीचा कागद आला तो दिवस दिसतो. मी तो घेऊन त्यांच्याकडे धावत गेले होते. त्यांनी तो उभ्यानं, मोठ्यानं, खालच्या सहीपर्यंत वाचला. 'हंगामी' हा शब्दसुद्धा गाळला नाही. मग नीट चार घड्या घातल्या आणि नकळत स्वतःच्याच खिशात ठेवून वर गुंडी लावली.

तो परत मागायच्या आधी मी सहाही मशीनांवरची धूळ पुसली.