राखून ठेवलेली लस

खरवसाची वाटी समोर आली की माझा हात अजूनही क्षणभर थांबतो. बायको म्हणते, "झालं, आले साहेब ड्युटीवर." नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पाण्याच्या पाळीवरून फुटलेली डोकी मोजून टाके घालायला पाठवली. पण ज्या प्रकरणात शेवटपर्यंत एकही आरोपी सापडला नाही, तेच नेमकं डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वाळवा तालुक्यात, आष्ट्याच्या बाजूच्या एका बाजारपेठेच्या गावी फौजदार होतो. गावातल्या एका बागायतदाराची म्हैस व्याली. या गृहस्थांना सगळे आप्पा म्हणत. म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करून वाटायचा ही आमच्याकडची रीत, आणि आप्पांचा हात सढळ. खरवस भाऊबंदांत गेला, शेजारीपाजारी गेला, सोसायटीच्या ऑफिसात गेला, आणि एक डबा आमच्या ठाण्यातही आला. आम्ही तो चाटूनपुसून खाल्ला. जायफळ घातलेला, गुळाचा, काय सांगू!

थोड्याच दिवसांत ती म्हैस बिघडली. तोंडातून लाळ, दिवसभर हंबरणं, अंगावर धावणं. जनावरांच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहून सांगितलं, म्हैस पिसाळलीय, उसाच्या फडात मागं कधीतरी कुत्रं चावलं असणार. म्हैस मेली आणि गावात हलकल्लोळ उडाला. ज्यानं ज्यानं खरवस खाल्ला त्याला आपण आता कुत्र्यासारखं भुंकणार असं वाटू लागलं.

त्या वेळी सरकारी दवाखान्यात मिळणारी इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत. त्यांचं नुसतं नाव काढलं तरी मिशीवाल्या बाप्यांना घाम फुटे. पेठेतल्या मेडिकलमध्ये मात्र दंडात टोचायची नवी लस मिळायची. दुकान एक ताई चालवायच्या. औषधांचा कोर्स सांगलीत केलेला, जाड चष्मा, बोलणं फटकळ. दुकानाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी एक डॉक्टर येऊन बसत आणि टोचायचं काम करत. पण सल्ल्यासाठी लोक आधी ताईंकडेच जायचे. न विचारता सल्ला देण्याची त्यांना सवयच होती. मी स्वतः एकदा डोकेदुखीची गोळी मागितली, तर म्हणाल्या, "साहेब, जेवलात का? नाही ना? मग आधी जेवा. गोळी कुठं पळून जात नाही." फौजदाराला असं बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

तर एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलतो तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलावर फोन वाजला. नाव न सांगता कुणीतरी खबर दिली, "मेडिकलवाली बाई लस संपली म्हणून सांगतीया. खोटं हाय. फ्रिजात दडवून ठेवलीया. काळाबाजार चाललाय. लोकं दगड घेऊन निघाल्यात, लवकर या."

औषधाच्या साठ्याची तपासणी हा खरं तर औषध निरीक्षकाचा विषय. पण दगड हा माझा विषय होता. मी टोपी घातली. जीपमध्ये बसताना आमचा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, ती लस सापडली, तर त्यातली एखादी..."

"एखादी काय?"

"न्हाई, आपलं... मी दोन वाट्या खाल्ल्या व्हत्या."

"गप बस रं," मी म्हणालो. मी तीन खाल्ल्या होत्या.

दुकानासमोर ही गर्दी. मी लोकांना रस्त्याच्या पलीकडे हटवलं, त्यांच्यातलेच दोन पंच घेतले आणि आत गेलो. ताई काउंटरमागे उभ्या होत्या. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. फ्रिज उघडला. पुढे लहान मुलांचे डोस, धनुर्वाताची इंजेक्शनं. त्यांच्या मागे एक स्टीलचा डबा, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं, 'देऊ नये'. डब्यात तीच लस. एका माणसाला पुरेल एवढी.

खबर खरी निघाली होती. पण मला काही पटेना. साठेबाज माणूस पोतीच्या पोती दडवतो. एका माणसापुरता माल दडवणारा साठेबाज मी तोवर पाहिला नव्हता. पंचांना बाहेर बसवून मी मागच्या खोलीत चौकशी सुरू केली.

"ताई, लोकांना संपली म्हणून सांगितलंत?"

"सांगितलं."

"म्हणजे खोटं बोललात."

"बोलले. खरवस खाणाऱ्यांना लस लागत नाही, साहेब. खरवस उकडलेला असतो, त्यात काही उरत नाही. हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं. कुणी ऐकेना. आधीचा सगळा साठा भांडून नेला त्यांनी. मग एवढी काढून ठेवली."

"कुणासाठी?"

"ज्याला खरंच लागणार आहे त्याच्यासाठी."

"तो कोण?"

"तेच तर कळत नाही!" एवढं बोलताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं की काळजीनं, मला ठरवता येईना.

मी खुर्ची पुढे ओढली. आता मला केसपेक्षा जास्त उत्सुकता वाटू लागली होती. ताईंनी सांगितलं ते असं. म्हैस मरायच्या आधी आप्पा दुकानात आले होते. खरचटल्यावर लावायचं मलम मागितलं. ताईंनी सवयीप्रमाणे विचारलं, कुणाला लागलंय, बघू. आप्पांचे दोन्ही हात स्वच्छ. "घरात असावं म्हणून," असं म्हणून मलम घेऊन ते निघून गेले. तेव्हा ताईंना काही वाटलं नाही. पुढे म्हैस पिसाळलेली होती असं कळलं, आणि त्यांना ते मलम आठवलं.

"पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही, साहेब. लोकांना वाटतं घशात काहीतरी अडकलंय, मग कुणीतरी तोंडात हात घालतं. दातानं खरचटतं आणि लाळ जखमेत जाते. त्या माणसाला लस मिळाली नाही तर तो जाणार. एकदा रोग उमटला की जगात औषध नाही. अख्खं गाव येऊन गेलं. प्रत्येकाला विचारलं, म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला? सगळे म्हणाले, आम्ही खरवस खाल्ला. हातवाला आलाच नाही."

बाहेर येऊन मी पायरीवरून मोठ्यानं सांगितलं की लस आहे, पण ती म्हशीच्या तोंडात हात घालणाऱ्याची आहे. ज्यानं घातला असेल त्यानं पुढे यावं, आत्ता टोचतो. गर्दी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. फुकटची सुई घ्यायलाही कुणी पुढे आलं नाही. दगड हळूहळू खाली पडले. ताईंचा डबा मी जप्त केला नाही, पंचनाम्यात मात्र तो जसा सापडला तसा लिहिला.

मग आप्पांना ठाण्यात बोलावलं. धोतर, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. गावात वजन असलेला माणूस खुर्चीवर कसा बसतो यावरून मला बरंच काही कळतं. एरवी पाठ टेकून बसणारे आप्पा त्या दिवशी कडेला बसले होते.

"आप्पा, म्हशीला औषध कुणी पाजलं?"

"पाजलंच न्हाई."

"मग मलम कुणाला नेलं?"

"असंच."

"तुमच्या हाताला काही लागलं?"

"न्हाई."

"पोराच्या? गड्याच्या?"

"आवं साहेब, सांगतो न्हवं का! माज्या घरच्या कुणाचाबी हात त्या म्हशीच्या तोंडात गेला न्हाई. द्येवाशप्पत!"

शपथ खरी होती, हे डोळ्यांवरून कळत होतं. खोटं बोलणारा माणूस नुसतं 'कुणी नाही' म्हणून मोकळा होतो. खरं दडवणारा मात्र शब्द मोजून टाकतो. मी चहा मागवला. आप्पांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"घरच्या कुणाचा नाही," मी म्हणालो. "मग बाहेरच्या कुणाचा?"

आप्पा गप्प. मी पण गप्प. ठाण्यात गप्प बसणं हे दंडुक्यापेक्षा जास्त कामाला येतं. शेवटी टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"बौद्धवाड्यातलं मेजर," ते म्हणाले. "मिल्ट्रीतनं रिटायर झाल्यात. जनावराचं लय कळतं त्येस्नी. म्हस गिळंना म्हणून मीच बोलावलं. घशात उसाचं कांडं अडकलं आसंल म्हणून त्येनी कोपरापातूर हात घातला. बोटं सोलपटली. मलम मीच दिलं."

"आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?"

"भ्यालो, साहेब. त्येला काय झालं तर त्येची माणसं माज्यावर केस घालतील. म्हटलं, नशीब आसंल तर न्हाई व्हणार काय."

मला इतका संताप आला की मी उठून खिडकीशी गेलो. "आप्पा, तुमच्या म्हशीसाठी तो धावत आला, आणि तुम्ही त्याचं मरण नशिबावर सोडून मोकळे झालात? लाज वाटू द्या जरा!" आप्पा मान खाली घालून ढसाढसा रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं.

मेजर घरी नव्हते. लेकीकडे कोयनानगरला गेले होते, जावई तिथं प्रकल्पात कामाला. मी जीप काढली. ताईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि रुंद तोंडाचा थर्मास मांडीवर घेऊन मागं बसल्या. आत बर्फ, बर्फावर कापूस, कापसावर लस. आप्पांना मी सोबत घेतलं. यायचं नव्हतं त्यांना, पण मी विचारलंच नव्हतं. कराड, पाटण करत घाटाची वळणं सुरू झाली. प्रत्येक खड्ड्याला ताई ड्रायव्हरवर ओरडायच्या, "अहो, सावकाश! हा काय उसाचा ट्रॅक्टर आहे?" आणि लगेच, "पण जरा लवकर!" ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आला.

वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या दारात मेजर नातीची वेणी घालत बसले होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. उजव्या हाताच्या बोटांवर खपल्या धरलेल्या. पोलीस बघून लेक घाबरली. मेजर उठून उभे राहिले आणि त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला.

ताईंनी आधी त्यांचा हात धरून खपल्या पाहिल्या. "साबणानं धुतला होता का?"

"धुतला व्हता की. मिल्ट्रीची सवय."

"चला, लस घ्यायचीय. दवाखान्यात जाऊ. ती म्हैस पिसाळली होती."

मेजर हसले. "ठाव हाय. गावाकडनं निरोप आलाय, समदी सुया टोचून घ्यायल्यात. पर मला कशाला? मी खरवस खाल्लाच न्हाई."

"का? आवडत नाही?" मी सहज विचारलं. पोलिसाची सवय.

"आवडतो की साहेब." त्यांनी नातीच्या वेणीला रिबिनीची गाठ मारली. "पर आमच्याकडं येत न्हाई."

आप्पा माझ्या मागे उभे होते. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहवलंच नाही. एवढ्या दिवसांत गाव काय मोजत होतं ते मला तेव्हा कळलं. खरवस ज्या ज्या घरी गेला ती घरं गावानं मोजली. ज्या घरी गेला नाही, ते घर धोक्याच्या हिशेबातही धरलं गेलं नाही. आणि स्वतः मेजरनीही धरलं नाही.

ताईंनी समजावून सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, जखमेत द्यायचं सीरम आणि दंडात द्यायची लस, दोन्ही दिलं, वरून "इतका उशीर का केलात?" असं म्हणून आम्हाला झापलंही. पुढचे सगळे डोस ताईंनी आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत वेळच्या वेळी पुरे करून घेतले. मेजर एकदा यायचं विसरले, तर ताईंनी माझ्या हवालदाराला त्यांच्या दारात पाठवलं. जणू वॉरंटच!

काही महिने आम्ही सगळे मेजरना चोरून न्याहाळत होतो. चहा पितात का, पाणी गिळतात का. त्यांना काही झालं नाही. आप्पांवर गुन्हा नोंदवण्याचं मी मेजरना विचारलं होतं. ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब. म्हस मेली त्येची, वर मनाला खातंय ते बास हाय." खबर देणारा कोण होता ते मी शोधलं नाही. कागदावर प्रकरण तिथंच मिटलं.

पण आप्पांचं मिटलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांची दुसरी म्हैस व्याली. हातात झाकलेली पितळी घेऊन ते ठाण्यात आले. मी म्हटलं, "अरे वा, आणा!" तर पितळी छातीशी धरून म्हणाले, "ही तुमची न्हाई, साहेब. मेजरची हाय. जरा संगं चला की. एकट्याला जायला पाय उचलंना."

आयुष्यभर त्याच गावात राहिलेल्या माणसाला बौद्धवाड्यापर्यंत जायला पोलीस बंदोबस्त हवा होता. गेलो. मेजर अंगणात होते. आप्पांनी पितळी पुढे केली. मेजरनी झाकण उचललं, वास घेतला, आणि मिशीत हसत विचारलं, "आप्पा, म्हस धड हाय न्हवं?"

आप्पा आधी चरकले, मग असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मेजरनी खरवस काढून घेतला, पितळी धुतली आणि आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत म्हणून तीत मूठभर शेंगा घातल्या. परतीच्या वाटेवर आप्पांनी त्यातल्या शेंगा फोडून खाल्ल्या आणि मलाही दिल्या.

तपास कसा करावा हे मला ट्रेनिंग स्कूलनं शिकवलं. पण त्यानंतर कुठंही रांग लागलेली दिसली, कुठंही जमाव जमलेला दिसला, की मी आधी एकच बघायचो, की इथं कोण आलेलं नाही. एका मेडिकलवाल्या बाईनं त्या न आलेल्या माणसासाठी डबा राखून ठेवला होता, त्याचं नावही माहीत नसताना. आम्ही मात्र तिच्या दारात दगड घेऊन उभे होतो.