जोडी बाहेर, एकटा आत

"मॅडम, तुमची आन्सर की चुकलीय," सना स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाली. मागे तिचे अब्बा, उदगीरचे टेलर. सकाळच्या गाडीने निघायच्या घाईत गळ्यातला टेप तसाच राहिला होता.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. ही आन्सर की मीच काढलेली, त्यामुळे मला रागच आला. "बावीस वर्षं शिकवतेय मी, सना!"

अब्बा मध्ये पडले. "मला यातलं काई कळत न्हाई, मॅडम. एका मार्कानं स्टार बॅच हुकली म्हणं हिची. तिथं न्हाई लागली तर हिला घरी न्यायचं ठरलंय. उदगीरला बी कॉलेज हायच की."

स्टार बॅच म्हणजे टेस्टमधल्या वरच्या चाळीस मुलांचा वेगळा वर्ग. सना एक्केचाळिसावी होती.

प्रश्न असा होता: x ऋण, म्हणजे शून्यापेक्षा लहान, असेल तर √3 × √(12x²) किती? आधी आतलं आत गुणायचं: √(36x²). मग सारख्या दोघांची जोडी बाहेर काढायची. 36 म्हणजे 6 × 6, x² म्हणजे x × x. ज्याला जोडी नाही तो आतच राहतो. "जोडी बाहेर, एकटा आत!" ही आमच्या क्लासची घोषणाच आहे. मी सुरू करते आणि दोनशे पोरं छत हलवतात. क्लासच्या बॅगांवरही तेच छापलंय.

कीमध्ये उत्तर होतं 6x. बाकी सगळ्या पोरांनी तेच लिहिलं. सनाने एकटीने लिहिलं −6x.

"x च्या जागी उणे दोन टाकून बघा ना, मॅडम."

टाकलं. x² झाला चार. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस. वर्गमूळ बारा. सनाचं −6x म्हणजे बरोबर बारा. आणि माझं 6x? उणे बारा! वर्गमुळाच्या चिन्हाचं उत्तर कधी उणे येत नाही, हे दरवर्षी मीच घसा फोडून सांगते. प्रश्न जरा अवघड करावा म्हणून 'x ऋण' ही अट ऐनवेळी मीच घातली होती. की जुनीच राहिली.

लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंदच, अगदी वेड्यासारखा. पोरीने माझ्या घोषणेपेक्षा स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवला होता! मी तिचे दोन्ही हात धरून चक्क गिरकी घेतली. अब्बा दचकून भिंतीला टेकले.

आवाज ऐकून डायरेक्टर सर आले. "म्हणजे घोषणाच चुकली का, मॅडम? बॅगा छापून झाल्यात!"

"घोषणा अर्धी आहे, सर. x ची जोडी बाहेर येते ती |x| होऊन. दोन उभ्या रेघा, म्हणजे आतल्याचं उणे चिन्ह सोडून द्यायचं."

"अन् बाकीच्या पोरांचा मार्क?"

"जाणार."

"पालक लई भांडतील हो."

"माझ्याकडे पाठवा. उणे दोन टाकून दाखवते."

सरांनी कपाळाला हात लावला, मग हसत हसत नवी यादी लावली. सना चाळिसांत आली. अब्बा एकटेच उदगीरला परतले, सनाची क्लासची नवी बॅग मात्र मागून घेऊन गेले.

सोमवारी उदगीरहून परत आलेली ती बॅग सनाच्या पाठीवर होती. छापलेल्या 'जोडी'च्या दोन्ही बाजूंना लाल दोऱ्याने शिवलेली एकेक उभी रेघ. टीप अगदी सरळ.

आता 'जोडी' म्हणताना सगळा वर्ग दोन्ही हात कानांपाशी उभे धरतो. मीही धरते. आणि आन्सर की भिंतीवर लावण्याआधी x च्या जागी उणे दोन टाकून बघते. हे सुचायला मला बावीस वर्षं लागली.